मदत हवी आहे: बीगल कुत्र्यांमधल्या लाफोरा या आनुवंशिक अपस्माराची जनुकीय चाचणी कुठे होईल?

७ वर्षांची बीगल मादी. ताटली आपटली किंवा कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाला की मान झटक्यात मागे जाते, शुद्ध मात्र हरपत नाही. लाफोराचा दाट संशय आहे. एनएचएलआरसी१ जनुकातला डीएनएच्या १२ अक्षरांचा तुकडा निरोगी कुत्र्यात २-३ वेळाच येतो, आजारात कितीतरी पट वाढतो आणि विकृत ग्लायकोजेन (शरीरातली साठवलेली साखर) मेंदूत साचत जातं. साध्या पीसीआरला (डीएनएच्या प्रती काढणाऱ्या चाचणीला) हा तुकडा दाद देत नाही, पुनरावृत्त्याच मोजाव्या लागतात. भारतात कोण मोजतं? ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीतलं रक्त लागेल की गालाचा स्वॅब चालेल? लेव्हेटिरासिटॅम हे झटक्यांवरचं औषध किलोमागे २० मिग्रॅ, दर ८ तासांनी, चालू आहे. भात-बटाटा बंद केलाय. कमी स्टार्चचा घरगुती आहार कुणी बसवलाय का? तिच्या भावंडांची पैदास सुरू आहे, म्हणून घाई.