दोन दिवस हॉल हवाय, आगगाडीसाठी

(सोसायटीचा ग्रुप, शनिवार)

अनघा, बी-४०२: नमस्कार सगळ्यांना. ओजसला दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस क्लबहाऊसचा हॉल हवाय. त्याची छोटी रेल्वे मांडून सोसायटीतल्या मुलांना दाखवायची आहे. लेआउट आठ फूट बाय चार फूट आहे, घरात पूर्ण उघडताच येत नाही. कमिटीने परवानगी द्यावी ही विनंती.

सुधीर, सेक्रेटरी: अनघाताई, हॉल द्यायला हरकत नाही. फक्त लोंबत्या वायरी, शॉर्टसर्किट आणि त्यात लहान मुलं, याची काळजी वाटते. भाडं नियमाप्रमाणे लागेल.

ओजस, बी-४०२: काका, रुळांत फक्त १२ व्होल्ट डीसी असतो. रुळाला हात लागला तरी काही होत नाही. २३० व्होल्ट अॅडॉप्टरपर्यंतच. तो मी टेबलाखाली खोक्यात ठेवणार आहे.

प्रकाश, ए-१०१: अरे पण यंदा अकरावी ना तुझी? आगगाड्यांशी खेळायचं वय आहे का हे?

अनघा, बी-४०२: प्रकाशभाऊ, खरं सांगू का, मलाही हीच काळजी आहे. अभ्यासात मागे नाहीये तो. पण शाळेपासून सगळा खाऊचा पैसा रुळांवर गेला. नातेवाईक विचारतात, पुढे काय करणार? माझ्याकडे उत्तर नसतं.

जयंतकाका, सी-५०३: अनघा, मी थोडं लांब लिहितो, वाचशील ना. ३४ वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली मी, तरी ही छोटी रेल्वे मी ओजसकडूनच शिकतोय.

प्रकाश, "खेळायचं वय" म्हणतोस, तर हे खेळतात कोण ते बघ. आपल्या कोथरूडमधलंच उदाहरण. भाऊसाहेब जोशी आपला व्यवसाय सांभाळणारे गृहस्थ. आधी फिरती प्रदर्शनं भरवली, मग १९९८ मध्ये कर्वे रोडजवळ छोट्या रेल्वेचं कायमचं संग्रहालय उघडलं. आपल्यातल्या कितीतरी जणांनी तिथे नातवंडं नेली असतील. अंधार करून गावातले दिवे लावतात तेव्हा पोरं श्वास रोखून बसतात.

आता बाहेरचं. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९४६ पासून विद्यार्थ्यांचा मॉडेल रेल्वे क्लब आहे. त्यात दोन तऱ्हेची मुलं. एकांना डबे रंगवायची, डोंगर-झाडं करायची हौस. दुसरी टेबलाखाली. तिथे टेलिफोन एक्स्चेंजचे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, जोडून कोणता पॉइंट (गाडीला रूळ बदलून देणारा सांधा) कधी फिरणार, कोणता ब्लॉक, म्हणजे रुळाचा तुकडा, मोकळा, हे ठरवणारं जाळं त्यांनी विणलं होतं. मी रिले रूममध्ये नोकरी केलीय, त्यामुळे हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. टेबलाखालची ही मुलं पुढे कॉलेजातल्या पहिल्यावहिल्या संगणकांकडे वळली. "हॅक" हा शब्द संगणकवाल्यांत रुळला, त्यात या क्लबचा मोठा वाटा. त्यातलाच अॅलन कोटॉक पुढे डीईसी कंपनीत पीडीपी-१० संगणकाचा मुख्य रचनाकार झाला.

श्रीकांत, डी-२०४: काका, मी आयटीत २० वर्षं आहे, हे माहीतच नव्हतं. पण पटतं. रिले म्हणजे हो किंवा नाही. हा रूळ मोकळा असेल आणि तो पॉइंट सरळ असेल, तरच सिग्नल हिरवा. प्रोग्रॅममध्ये आम्ही दुसरं काय लिहितो?

जयंतकाका, सी-५०३: तेच तर. खात्यात त्याला इंटरलॉकिंग म्हणतात. चुकलं तर तिथे माणसं मरतात. इथे इंजीन घसरतं, उचलून परत ठेवायचं. शिकायला याहून चांगली जागा नाही.

डॉ. मेघना, ए-३०२: आणि काका, फक्त इंजिनिअर नाहीत बरं का यात. गायक रॉड स्टुअर्टने घरी १ : ८७ प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्यात, अख्खं अमेरिकन शहर उभं केलंय, २३ वर्षं लागली. २०१९ मध्ये ते एका इंग्रजी मासिकात आलं. दौऱ्यावर असताना हॉटेलात एक जादा खोली घ्यायचा, तिथे बसून इमारती करायचा. वायरिंग मात्र आपल्याला जमत नाही म्हणून दुसऱ्यांकडून करून घेतलं, हेही त्याने मोकळेपणाने सांगितलं.

प्रकाश, ए-१०१: तो कोट्यधीश आहे डॉक्टर. त्याला वेळ आणि पैसा दोन्ही परवडतात.

जयंतकाका, सी-५०३: मग इंग्लंडमधल्या पाद्रीबाबांचं सांगतो. पीटर डेनी नाव. चर्चची नोकरी, पगार बेताचा, त्यामुळे बरंचसं हातानेच बनवलं. त्यांच्या लेआउटचं नाव बकिंगहॅम. रेल्वे खऱ्या टाइमटेबलप्रमाणे चालायची, एका स्टेशनवर हे आणि दुसऱ्यावर मुलगा क्रिस्पिन. मुलगा मोठा झाला, घरी असेनासा झाला. तेव्हा त्याच्या जागी स्टेशन सांभाळायला एक यंत्र तयार केलं. त्याचं नाव ठेवलं "ऑटोमॅटिक क्रिस्पिन".

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसून होतो. माझाही मुलगा बाहेरगावी आहे.

अनघा, बी-४०२: 🙏

विद्याताई, सी-२०१: मी पण लिहू का थोडं? मी बँकेतून रिटायर झाले हे सगळ्यांना ठाऊक आहे. मे महिन्यात ओजस माझ्याकडे आला, म्हणाला, मावशी, मालगाडीच्या डब्यांचा हिशोब लागत नाही. मी म्हटलं, दाखव. प्रत्येक वाघिणीचं, म्हणजे मालडब्याचं, एक कार्ड, कार्डाला पाकीट, पाकिटात चिठ्ठी : कोळसा, खाणीतून पॉवर हाऊसला. फेरी झाली की चिठ्ठी उलटायची, पुढचा मुक्काम येतो. एका चिठ्ठीवर चार मुक्काम. परदेशातही हे लोक असंच खेळतात म्हणे. माझं आयुष्य क्लिअरिंगच्या व्हाउचरमध्ये गेलं, मला हे शिकवावं लागलंच नाही. दिवसाअखेरीस कोणती वाघीण कुठे हे टॅली झालं पाहिजे, एवढं मी त्याला सांगितलं. एकदा एक वाघीण कमी भरत होती, ती सोफ्याखाली सापडली.

डॉ. मेघना, ए-३०२: आमच्या क्लिनिकचा डेंटल स्टोनही गेलाय त्यात. साध्या प्लॅस्टरपेक्षा तो कडक होतो, दाताचे साचे आम्ही त्यातच ओततो. बोगद्यावरचा कातळ मी स्वतः कोरला, दात साफ करायच्या स्केलरने. खंडाळ्याचे फोटो समोर ठेवून. बेसॉल्टचे थर आडवे असतात, भेगा उभ्या, हे मला ४८ व्या वर्षी कळलं. इतकी वर्षं गाडीतून नुसतीच बघत होते.

शिंदे मावशी, बी-१०३: डोंगराचं कापड माझं 👍 ब्लाउजच्या अस्तराचे तुकडे. पीओपीच्या पाण्यात बुडवून कागदाच्या बोळ्यांवर टाकले. ओजस ताणून बसवत होता, मी म्हटलं ताणू नको बाळा, कापडाला पडू दे, चुणी आपोआप येते.

सुधीर, सेक्रेटरी: म्हणजे अर्धी सोसायटी आधीच यात आहे आणि सेक्रेटरीला पत्ता नाही?

जयंतकाका, सी-५०३: सुधीर, तुझी शॉर्टसर्किटची शंका बरोबर होती, झालंच होतं ते. गणपतीनंतरची गोष्ट. मूळ लेआउटला त्याने एक नवा वळसा जोडला. गाडी आत जाऊन, गोल फिरून, त्याच रुळावरून उलट तोंडाने बाहेर यावी असा. तर गाडी एका सांध्यावर आली की रुळांना वीज देणाऱ्या कंट्रोलरचा दिवा जायचा. तीन संध्याकाळी हेच. पोराने सगळे सांधे परत सोल्डर केले, अल्कोहोलने रूळ पुसले, इंजीन उघडून बघितलं. रडकुंडीला आला.

मी कागद मागितला आणि दोन पेन्सिली, लाल-निळी. म्हटलं, डावा रूळ लाल, उजवा निळा, आता काढत जा. तो काढत गेला. वळसा पूर्ण झाला आणि लाल रेघ निळीला जाऊन मिळाली. प्लस मायनसला भिडत होता. एकही सांधा खराब नव्हता, आखणीच तशी होती. पेन्सिल हातात धरून तो नुसता बघत राहिला, मग म्हणाला, "काका, हे तर आधी कागदावरच दिसलं असतं." मग वळशाच्या दोन्ही तोंडांना रूळ कापले, प्लॅस्टिकचे जोड घातले, वळशाला वेगळी वायर दिली. गाडी वळशात शिरली की मेन लाइनचा प्लस-मायनस स्विचने पालटायचा. स्विच ४० रुपयांचा.

अनघा, नोकरीत नवीन मुलं यायची तेव्हा मला हीच सवय लावावी लागायची. आधी डायग्राम, मग पाना. काहींना दोन-दोन वर्षं लागली. ओजसला त्या एका संध्याकाळी लागली. पुढे तो काय होईल ते मी कसं सांगू? पण काहीही झाला तरी ती सवय त्याच्याबरोबर जाईल, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

अनघा, बी-४०२: काका, तीन दिवस तो नीट जेवत नव्हता. मला वाटलं क्लासमध्ये काही झालंय. हे सांगितलंच नाही त्याने.

ओजस, बी-४०२: आई, तू रुळांवरच चिडली असतीस 🙂

प्रकाश, ए-१०१: बरं ओजस, मला एक सांग. आपली ब्रॉडगेज त्या प्रमाणात बरोबर येते का?

ओजस, बी-४०२: नाही काका, तीच तर खंत आहे. बाजारातला रूळ १६.५ मिलिमीटरचा, तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा, १ : ८७. आपला गेज १६७६, म्हणजे १९ मिलिमीटरच्या थोडा वर यायला हवा. तसा रूळ तयार मिळत नाही. त्यामुळे आपलं डब्ल्यूएपी-७ इंजीन लांबीला साडेतेवीस सेंटीमीटर बरोबर येतं, पण खाली अरुंद रुळावर उभं. स्लीपर कापून, रूळ हाताने ठोकून १९ चा करता येतो. एक फूट करून बघितलाय.

प्रकाश, ए-१०१: ठोकायला जिग, म्हणजे रूळ मापात धरून ठेवणारा साचा, लागेल तुला, नाहीतर गेज हलेल. भोसरीत वर्कशॉप आहे माझं, विसरलास का? रविवारी ड्रॉइंग घेऊन ये. अॅल्युमिनियमची पट्टी मिल करून देतो, दोन खाचा, बरोबर मापाच्या.

जयंतकाका, सी-५०३: आला बघा अजून एक.

सुधीर, सेक्रेटरी: हॉल शनिवार-रविवार दिला. मुलांचा कार्यक्रम म्हणून भाडं नाही, कमिटीशी मी बोलतो. अॅडॉप्टरच्या खोक्याला झाकण पाहिजे आणि टेबलाभोवती दोरी. टेबलं किती लागतील?

ओजस, बी-४०२: चार लागतील काका. थँक्यू!!! आणि सगळ्यांना एक विनंती. जमीन दाखवायला चहाचा चोथा कमी पडतोय. धुऊन कडक उन्हात वाळवलेला हवाय, एक-दोन डबे. तो चाळून फेव्हिकॉलच्या पाण्याने चिकटवतो. पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकला की नीट झिरपतं.

शिंदे मावशी, बी-१०३: आमच्याकडे साखर घालूनच उकळतात रे. चालेल का? मुंग्या येतील.

ओजस, बी-४०२: मावशी, तीन-चार पाण्यांनी धुवा, मग चालेल.

विद्याताई, सी-२०१: मी बिनसाखरेचा पिते. माझा डबा उद्यापासून भरायला घेते.