अन्सेल्म तर्कवाला, एकहार्ट गूढवादी: ही विभागणी टिकते का?

धागाकर्ता: मध्ययुगीन ख्रिस्ती विचारात सरळ दोन तट होते. अन्सेल्म (अकरावं शतक), अक्विनास (तेरावं शतक) या धर्मचिंतकांनी ईश्वर तर्कानं सिद्ध करायला घेतला; जर्मन धर्मोपदेशक एकहार्टनं तर्कच सोडला.

पोथीवाचक: हे वाचून राहवलं नाही. अन्सेल्मचं 'प्रोस्लोगिऑन' हे पुस्तक (१०७७-७८) उघडा. पहिलं प्रकरण सबंध प्रार्थना आहे. दुसऱ्यात युक्तिवाद: ईश्वर म्हणजे ज्याहून मोठं काही कल्पिताच येत नाही ते; ते फक्त मनात असेल, तर प्रत्यक्षात असलेलं त्याहून मोठं कल्पिता येईल, म्हणजे विसंगती. लोक इथेच पुस्तक मिटतात. पंधराव्यात तोच अन्सेल्म म्हणतो, ईश्वर कल्पनेत मावेल त्याहून मोठा आहे. तर्कच त्याला तिथं घेऊन जातो.

कठोर_तर्क: प्रार्थना जोडल्यानं चूक झाकली जात नाही! मार्मूतिए मठातल्या गोनिलो या भिक्षूनं तेव्हाच दाखवलं: याच रीतीनं 'सर्वोत्तम हरवलेलं बेट'ही सिद्ध होतं.

पोथीवाचक: आणि त्याला अन्सेल्मनं दिलेलं उत्तर? ज्याला आरंभ, अंत किंवा अवयव आहेत ते 'नाही' असं कल्पिता येतं. बेटाला हे सगळं आहे. म्हणून युक्तिवाद बेटाला लागूच होत नाही.

कठोर_तर्क: बेट सोडा, सगळे तिथंच अडकतात. गोनिलोचा खरा घाव वेगळा आहे. तो म्हणतो, शब्द कळले, पण ती वस्तू माझ्या बुद्धीत आलीच नाही. मग 'मनात आहे' ही पहिली पायरीच निसटते. ईश्वर आपल्या बुद्धीच्या पलीकडे, असं पंधरावं प्रकरण सांगत असेल तर गोनिलोचंच बळ वाढतं!

पोथीवाचक: अन्सेल्म म्हणतो, लहान चांगल्यावरून मोठ्या चांगल्याकडे चढत गेलं की तेवढी कल्पना बांधता येते. कल्पना असणं वेगळं, स्वरूप कळणं वेगळं. हे दोन्ही एकत्र करू नका.

धागाकर्ता: धागा गोनिलोनं पळवला. एकहार्टचं काय?

लॅटिनप्रेमी: तो पॅरिसमध्ये दोनदा अध्यापक होता. ईश्वरात सत्ता (असणं) आणि बुद्धी एकच आहेत की नाहीत, यावर त्यानं तिथं रीतसर वाद घातले. १३२९ च्या पोपच्या फर्मानात त्याची २८ विधानं आक्षेपार्ह ठरली. त्यावरून 'तर्क सोडला' हे निघत नाही. आणि अक्विनास? 'सुम्मा' या त्याच्या ग्रंथात ईश्वर आहे हे दाखवणारे पाच मार्ग संपताच पुढच्या प्रश्नाच्या आरंभी तो सांगतो: ईश्वर काय आहे हे आपण जाणू शकत नाही, काय नाही एवढंच. अन्सेल्मचा युक्तिवादही त्यानं नाकारला आहे. दोघांना एका तटात बसवता कसे?

कठोर_तर्क: तट नव्हते, एवढं मान्य. युक्तिवाद उभा राहतो, हे नाही.