मदत हवी आहे: अटेझोलिझुमॅब सलाईनऐवजी मांडीत घ्यावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडात, लेस्टरला असतो. ह्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर आहे आणि दर तीन आठवड्यांनी अटेझोलिझुमॅब (कॅन्सरशी लढायला शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारं औषध) शिरेतून चालू आहे. पहिल्या वेळी तासभर लागला, आता अर्धा तास. पण शीर सापडायची मारामार! मागच्या खेपेला तिसऱ्या सुईला जमलं, हात दोन्हीकडून काळानिळा.

आता नर्सबाईंनी त्वचेखालच्या इंजेक्शनचं सुचवलंय. इथे ते 2023 पासून मिळतंय. डोस 1875 मिलिग्रॅम, शिरेतून 1200. आकडा मोठा बघून मी दचकलेच, पण त्वचेखालून औषध सगळंच रक्तात पोचत नाही, म्हणून जास्त देतात म्हणे. सात मिनिटं सावकाश ढकलायचं, 15 मिलिलिटर! सोबत हायलुरोनिडेज असतं, ते त्वचेखाली जागा करून देतं.

ज्यांनी सलाईनवरून इंजेक्शनवर बदल केला त्यांना विचारायचंय: मांडीला गाठ, लाली, जळजळ किती दिवस राहते? हे अगदी काटकुळे आहेत, मांडीत चिमटीत धरण्याइतकीही चरबी नाही. आणि खरंच वेळ वाचतो का? रक्ततपासणी, डॉक्टरांची भेट, फार्मसीतून औषध तयार होऊन येणं हे तर तसंच राहणार ना?

थायरॉइड, जुलाब, खोकला अशा दुष्परिणामांवर लक्ष दोन्हींत सारखंच ठेवायचं, एवढं कळलंय. निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घेऊ. पण ह्यांना सुईपेक्षा मांडी उघडी टाकून बसायचाच संकोच जास्त, त्यावर काही उपाय?