आगामी हंगामात मानधनावर बाहेरचे वादक बोलवावेत का?

दुसरा व्हायोला:
पुण्यातील आमच्या हौशी तंतुवाद्यवृंदाचा पुढचा हंगाम ठरतो आहे, आणि त्यातील एका ठरावाविषयी मला येथे मोकळेपणाने लिहायचे आहे. अकरा व्हायोलिन, दोन व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे आणि खालच्या स्वरांचे वाद्य) आणि त्याहूनही खालच्या स्वरांचे तीन चेलो एवढाच आमचा संसार आहे. सर्वांत खालच्या स्वरांचा डबल बास नाही. ऑगस्टमध्ये मोत्सार्टची के. 136 क्रमांकाची रचना आणि गुस्टाव होल्स्टचे सेंट पॉल्स सूट, म्हणजे छोट्या भागांची रचना, डिसेंबरमध्ये कोरेल्लीचा ख्रिसमस कॉन्चेर्टो आणि मार्चमध्ये द्वोर्झाकची ई मेजरमधील सेरेनेड, असा कार्यक्रम आहे. मार्चच्या मैफलीसाठी मुंबईहून सहा व्यावसायिक वादक मानधन देऊन आणावेत, असा कार्यकारिणीचा प्रस्ताव आहे. त्यातील दोघे व्हायोलिनच्या पहिल्या खुर्च्यांवर बसतील. या एका मैफलीवर वर्षाच्या वर्गणीचा निम्म्याहून अधिक भाग खर्च होईल.

माझा या प्रस्तावाला विरोध आहे. आपण जे संगीत वाजवतो त्यातील कितीतरी संगीत समोर बसलेल्या, ओळखीच्या माणसांसाठी लिहिले गेले आहे. होल्स्ट लंडनच्या सेंट पॉल्स या मुलींच्या शाळेत 1905 पासून संगीत शिकवत होता, आणि हे सूट त्याने 1913 मध्ये पूर्ण केले ते त्या शाळेतल्या मुलींच्या वाद्यवृंदासाठी. व्हिवाल्डीची 1703 मध्ये व्हेनिसच्या पिएता या अनाथालयात व्हायोलिनशिक्षक म्हणून नेमणूक झाली, आणि तिथल्या मुलींच्या हातांसाठी त्याने पुढे अनेक कॉन्चेर्टो लिहिले. त्यांच्यापैकी कोणीही आधी रचना निवडून मग ती पेलणारी माणसे शोधायला बाहेर पडले नव्हते. आपल्याला द्वोर्झाक पेलत नसेल तर आपण या वर्षी तो वाजवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

श्रोता, प्रभात रस्ता:
आपली तळमळ समजते, पण मी गेली कित्येक वर्षे तिकीट काढून समोर बसणारा माणूस आहे, म्हणून श्रोत्याची बाजू मांडतो. सेरेनेडच्या सुरुवातीला दुसरे व्हायोलिन आणि चेलो एकमेकांना उत्तर देत धून पुढे नेतात, आणि तिच्याखाली व्हायोला छोट्या स्वरांची धडधड अखंड चालू ठेवतात. ही धडधड दोनच व्हायोलांनी सांभाळायची आणि खाली बासचा आधार नाही, अशा स्थितीत ती सभागृहाच्या चौथ्या रांगेपर्यंत पोहोचेल का, याचे उत्तर आपण स्वतःच व्हायोला वाजवत असल्याने माझ्यापेक्षा चांगले देऊ शकाल. आपण कोरेल्लीचे नाव कार्यक्रमात घेतले, पण युक्तिवादात घेतले नाही. त्याच्या काळच्या रोममध्ये मोठ्या समारंभांसाठी मूळ संचाला जादा वादक मोबदला देऊन जोडले जात. मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेने 2006 मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला, त्यातही हंगामापुरते परदेशातून वादक येतात. कोणी बाहेरून आले म्हणून संगीत परके होत नाही.

दुसरा व्हायोला:
श्रोतेसाहेब, तो व्यावसायिक वाद्यवृंद आहे, त्याचे काम निराळे आणि त्याची जबाबदारीही निराळी. आमच्याकडे बँकेत नोकरी करणारे आहेत, दोन दंतवैद्य आहेत, बारावीची एक विद्यार्थिनी आहे. मे महिन्याच्या कोरड्या हवेत खुंट्या सैल पडून तारा उतरतात आणि जुलैत त्याच खुंट्या फुगून हलेनाशा होतात, तरीही दर रविवारी सकाळी ही माणसे येतात. वर्षभर पहिल्या खुर्चीवर बसून सर्वांचे गज एका दिशेने चालवण्याची जबाबदारी ज्या बाईंनी घेतली, त्यांना मार्चच्या मैफलीत तिसऱ्या रांगेत बसायला सांगायचे, हे मला पटत नाही. बास नाही हे आपले म्हणणे मात्र मी मान्य करतो.

माजोर्ड्याचा:
मी गोव्याचा असून सध्या ठाण्यात राहतो. या चर्चेत ‘मानधनावर वाजवणारा’ या शब्दांना जो किंचित कमीपणाचा सूर लागला आहे, त्याविषयी मला लिहावेसे वाटते. आमच्याकडे चर्चच्या शाळांत मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना आधी स्वरवाचन शिकवत आणि मगच हातात व्हायोलिन देत. त्या शाळांतून तयार झालेली माणसे पोटासाठी मुंबईला गेली आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवू लागली. आमच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांच्यापैकीच एक. प्यारेलाल आणि राहुल देव बर्मन हे त्यांचे विद्यार्थी. दिवसभर ध्वनिमुद्रणात मोबदल्यावर वाजवणाऱ्या या माणसाने 1958 मध्ये स्वतःचा सिम्फनी वाद्यवृंद उभारून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्याच्यासोबत गायला लावले. पैसे घेऊन वाजवणाऱ्याच्या मनात संगीताविषयी कमी प्रेम असते, असे कोणी समजू नये.

मात्र माझा कल प्रस्तावाच्या बाजूने आहे तो निराळ्या कारणाने. माझ्या लहानपणी मला एका उतारवयाच्या व्यावसायिक वादकाच्या शेजारी, त्याच्याच स्टँडवर बसवले होते. त्याने मला एक शब्दही शिकवला नाही. तो पान उलटण्याच्या आधी गज किती आखडून घेतो आणि शांत जागी तारेला घोडीपासून किती दूर स्पर्श करतो, एवढे पाहूनच माझा आवाज महिन्याभरात बदलला. सहाही पाहुण्यांना पुढच्या खुर्च्या देण्याऐवजी प्रत्येकाला एकेका हौशी वादकाच्या शेजारी, आतल्या बाजूला बसवावे आणि त्यांना केवळ मैफलीच्या दिवशी नव्हे, तर निदान चार तालमींना बोलवावे.

बारावीच्या चेलोवादिकेची आई:
माझ्या मुलीचा वर उल्लेख आला आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. होल्स्टच्या सूटच्या शेवटच्या भागात व्हायोलिन डार्गासन नावाची झपाझप धून वाजवत राहतात आणि मध्येच चेलोंवर ग्रीनस्लीव्ह्ज ही संथ धून येते. एकीकडे दोनची चाल आणि दुसरीकडे तीनची. घरी ती हा भाग पायाने ठेका धरून, तोंडाने दुसऱ्यांची धून म्हणत वाजवते. तीन चेलोंपैकी एक तिचा आहे आणि ती चुकली तर ते सर्वांना ऐकू येते, हे तिला ठाऊक असल्यामुळेच ती एवढा सराव करते. माजोर्ड्याचे काका म्हणतात तसा शेजारी बसणारा गुरू मिळाला तर मला आनंदच होईल, पण तिचा स्वर ज्याच्या आवाजात बुडून जाईल असा पाहुणा नको.

श्रोता, प्रभात रस्ता:
ताई, तिचा स्वर बुडू नये हे मलाही वाटते. परंतु सहा पाहुण्यांच्या प्रत्येकी चार तालमींचा प्रवासखर्च आणि मानधन धरले तर प्रस्तावाचा खर्च वाढेल, याकडे कोणी लक्ष दिलेले नाही. मला विचाराल तर दोघेच बोलवावेत: एक बास आणि एक व्हायोला. पुढच्या खुर्च्यांचा प्रश्नच उरत नाही. सेरेनेड मात्र व्हावी. द्वोर्झाकने 1875 च्या मे महिन्यात अवघ्या बारा दिवसांत ती लिहिली आणि तिच्यात कुठेही घाईची खूण नाही. हे संगीत या शहरात प्रत्यक्ष ऐकायला मिळण्याचे प्रसंग विरळाच येतात, आणि तुम्ही ते वाजवले नाही तर आम्ही ते कुठे ऐकायचे?

दुसरा व्हायोला:
बास बाहेरून येण्याला माझा विरोध मी मागे घेतो. ते वाद्य आपल्यापैकी कोणाकडेही नाही आणि ते एका वर्षात उभे राहणारही नाही. व्हायोलाविषयी मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. आपल्याकडे अकरा व्हायोलिन आहेत. त्यांच्यापैकी दोघांनी आजपासून व्हायोला हाती घेतला तर मार्चपर्यंत पुरेसा अवधी आहे. बोटांमधले अंतर थोडे वाढते, गज जड लागतो, आणि खरी अडचण वाचनाची असते, कारण व्हायोलाच्या स्वरलेखनात मध्य सी हा स्वर पाच ओळींपैकी नेमका मधल्या ओळीवर येतो आणि व्हायोलिनची सवय असलेला डोळा पहिले काही आठवडे तिथे बी वाचत राहतो. मी स्वतः चाळिशीनंतर असाच व्हायोलिनवरून व्हायोलाकडे आलो. माझ्याकडे एक जादा व्हायोला आहे, तो मी हंगामभर द्यायला तयार आहे.

दुसऱ्या व्हायोलिनच्या शेवटच्या रांगेतून:
मी आजवर ही चर्चा केवळ वाचत होते. मला व्हायोला शिकायचा आहे. येत्या रविवारी तालमीच्या अर्धा तास आधी आलात तर पहिल्या पानापासून सुरुवात करू.