‘स्मार्ट हायड्रोजेल’मधल्या ‘स्मार्ट’ला काय म्हणावं?

पूर्वभागकर: भाची इथंच सोलापुरात बीएस्सीला आहे. विज्ञान दिनाच्या पोस्टरला तिनं हाडाची ऊती पुन्हा वाढवायला मदत करणारी स्मार्ट हायड्रोजेल, म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणारी मऊ जेल, हा विषय घेतलाय, मराठी मजकूर माझ्याकडे. मी ‘बुद्धिमान जेल’ लिहिलं, ते तिच्या सरांनी खोडलं. जेलला कसली बुद्धी, म्हणाले. पण मग लिहायचं काय? कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पदार्थ) आणि ग्लिसरोफॉस्फेट या क्षाराचं मिश्रण थंड असताना पातळ असतं, सुईनं हाडातल्या वेड्यावाकड्या पोकळीत सोडता येतं, आणि अंगातल्या ३७ अंशांना तिथंच घट्ट होतं. काही जेल आम्लता बदलली की फुगतात. हा गुण एका शब्दात हवाय.

शब्दवेल्हाळ: प्रतिसादी जेल. अर्थ चोख बसतो.

होटगीरोड: बसतो, पण बोलतं कोण? २०१६ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत सोलापूर आलं, तेव्हापासून आमचा भाजीवालाही ‘स्मार्ट’ म्हणतो. राहू द्या की.

शब्दवेल्हाळ: भाजीवाल्याचा स्मार्ट म्हणजे चकाचक. भाचीचं जेल चकाचक आहे का? रुळलेला शब्द चुकीचा अर्थ देत असेल तर तो बदलायलाच हवा.

कांडवेल: ‘जाणतं जेल’ कसं वाटतं? आणि ऊती पुन्हा वाढवण्याला पुस्तकातलं ‘पुनर्जनन’ नको. माझे आजोबा हाड बसवायचे, वर कांडवेल बांधायचे. लोक विचारायचे, ‘हाड धरलं का?’ इतका सरळ शब्द असताना संस्कृत कशाला?

अस्थिरोगवाला: ताई, हाड धरणं म्हणजे मोडलेली दोन टोकं जुळणं. इथं मधला तुकडाच नसतो, अपघातात गेलेला किंवा गाठीबरोबर काढलेला. तिथं हाड ‘भरून येतं’. जेल स्वतः हाड होत नाही, पेशींना बसायला जागा देतं आणि हळूहळू विरघळतं. त्यात हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट या हाडातल्याच खनिजाचे कण किंवा पेशींना हाड बनवायला लावणारं बीएमपी-२ हे प्रथिन घालतात. शिवाय जेल मऊ, भार पेलत नाही. मांडीच्या हाडाला प्लेट किंवा रॉड लागतोच. हे पोस्टरवर जरूर लिहा, नाहीतर लोकांना वाटेल सुई दिली की चालायला लागला.

कांडवेल: भरून येणं! हेच आजीही म्हणायची, जखमेला. तेच घ्या.

मग्गम: मला ‘ऊती’वर बोलायचंय. आमचं घर पद्मशाली, घरात तेलुगू, मागाला मग्गम म्हणतो. संस्कृतात ‘ऊति’चा एक अर्थ विणणं असा आहे. टिश्यू हा शब्दही मुळात विणलेल्या कापडाचाच. साखर पेठेतल्या विणकराला हा शब्द परका नाही, एवढं मला मनापासून वाटतं. आणि ‘माग’ मराठीत आमच्याकडूनच आला असणार.

शब्दवेल्हाळ: ऊतीचं मान्य. मागाचं नाही. दोन शब्द सारखे वाटले म्हणून एक दुसऱ्यातून निघत नाही, पुरावा द्या.

मग्गम: पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी माग चाललेत, याहून काय पुरावा?

होटगीरोड: शेजार पुरावा नाही, पण शब्द शेजारातूनच येतात. तसंच हायड्रोजेल येऊ द्या. विख्टर्ले आणि लिम या रसायनशास्त्रज्ञांनी १९६०मध्ये शरीरात वापरायच्या अशा जेलवर लिहिलं, पुढं त्यातूनच मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आल्या. डोळ्यात घालताना कुणी ‘भिंग’ म्हणत नाही.

शब्दवेल्हाळ: म्हणत नाही, कारण वेळेवर कुणी सुचवलं नाही.

पूर्वभागकर: ‘हाड भरून येण्यासाठी’ एवढं पक्कं केलं. प्रतिसादी की जाणतं, ते अजून सांगा. छपाई सोमवारी आहे.

मग्गम: पोस्टरवर ‘ऊती’ दीर्घच ठेवा. आणि मागाचं मी सोडलेलं नाही.