मोकळ्या जागेतली सवलत: अडचण नेमकी कुणाची?

दादरकर: शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास मंजूर झाला. बाजूचं सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, नियमापेक्षा कमी, पण जितकी जागा कमी तिचा प्रीमियम, म्हणजे शुल्क, महापालिकेला भरलं की काम झालं! आमच्या स्वयंपाकघरासमोर आता भिंत येणार. मुंबईच्या २०३४ च्या विकास नियमावलीत कलम ६(ब) खाली महापालिका आयुक्त खास लेखी परवानगीने मापांत सवलत देऊ शकतात. पण अडचण खरोखर दाखवता आली तरच, आणि शेजाऱ्यांच्याही आरोग्याला, अग्निसुरक्षेला बाधा येणार नसेल तरच. आम्हाला कुणी विचारलं? कमला मिलच्या आगीत १४ माणसं गेली, तरी हेच.

गिरगावची चाळ: कमला मिलचा दाखला इथे लागू नाही. तिथे गच्चीवरच्या पबमध्ये बेकायदा बांधकाम होतं. आमची उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी) इमारत टेकूंवर उभी आहे, प्लॉट चिंचोळा. दोन्हीकडे पूर्ण अंतर सोडलं तर मधे जिना आणि लिफ्टपुरतीच जागा उरते. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळली, ३३ जण गेले. पुनर्विकास होणारच होता तिचा. पावसात आई रात्रभर छताकडे बघत बसते. सवलत नसती तर आमच्या घराला कुणा बिल्डरने हातही लावला नसता.

दादरकर: कमला मिलचं मान्य, चुकलं माझं. पण शेजारचा प्लॉट चिंचोळा नाही हो. विक्रीचे फ्लॅट थोडे कमी केले असते तर अंतर सुटलं असतं.

नकाशावाली: मी आर्किटेक्ट आहे. प्रीमियमचा दर आधीच ठाऊक असला की सवलत मागणं हा खर्चाचा एक रकाना होतो. मग 'प्लॉट लहान व वेडावाकडा' हे वाक्य प्रत्येक प्रस्तावात येतं, मीही लिहिलंय. खोलीच्या मापात, पार्किंगमध्ये द्या सवलत. अग्निशमन दलाची गाडी आत येऊन शिडी उभी करायला लागणारी जागा मात्र पैशावर सोडू नये. आणि शेजाऱ्यांना आधी नोटीस हवीच.

गिरगावची चाळ: नोटीस म्हणजे हरकत, हरकत म्हणजे कोर्ट. तोवर टेकू धरतील का?

दादरकर: तीस दिवसांची मुदत ठेवा, आणि धोकादायक इमारतीला ती अटही नको. तुमच्या चाळीच्या सवलतीला मी हरकत घेणार नाही. शेजारच्या टॉवरला घेणार, सोमवारीच अर्ज देतोय.