देशांतर्गत विमानांच्या कार्बनला किंमत लागावी का?

सोनेगावकर (धागालेखक)

एक किलो विमान इंधन जळाले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. नागपूरहून मुंबईला जाणारे १८० आसनांचे विमान माझ्या अंदाजाने अडीच ते तीन टन इंधन जाळते, म्हणजे एका फेरीत आठ-नऊ टन वायू सोडते. या वायूची किंमत आज ना कंपनी मोजते ना प्रवासी, आणि ती मोजायला लावली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

युरोपीय संघाने २०१२ पासून विमान वाहतूक आपल्या उत्सर्जन व्यापारात आणली. तेथे एकूण उत्सर्जनाची मर्यादा आधी ठरते, तेवढेच परवाने निघतात आणि प्रत्येक कंपनीला जितके टन सोडले तितके परवाने दरवर्षी जमा करावे लागतात. कमी पडल्यास ते बाजारातून घ्यावे लागतात. युरोपात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक विमानाला हा नियम लावण्याचा मूळ बेत होता, पण भारत, चीन, अमेरिका आदींनी कडाडून विरोध केल्यामुळे तो मुख्यतः युरोपांतर्गत उड्डाणांपुरता राहिला. बहुतांश परवाने सुरुवातीला फुकट वाटले गेले, ही मोठी चूक होती; ते वाटप टप्प्याटप्प्याने कमी करत आणून आता त्यांचा लिलाव होतो.

आपला त्या वेळचा विरोध मला पटतो, कारण दुसऱ्याने आपल्या विमानांवर एकतर्फी नियम लादणे गैरच होते. परंतु आपल्याच आकाशातील उड्डाणांचे काय? आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१६ साली मान्य केलेली कार्बन भरपाईची ‘कोर्सिया’ योजना फक्त आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी आहे आणि भारत तिच्यात २०२७ पासून येणार आहे. नागपूरहून दोह्याला जाणारे विमान त्या हिशेबात येईल; मुंबईला जाणारे येणार नाही. आपली स्वतःची कार्बन पत (लक्ष्यापेक्षा जास्त उत्सर्जन घटवल्यास मिळणारे, विकता येणारे प्रमाणपत्र) व्यापार योजना २०२३ मध्ये अधिसूचित झाली, तिच्यात सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद असे उद्योग आहेत, पण विमान कंपन्या नाहीत. त्या घ्याव्यात.

कोराडी रोड

असहमत. आपण आठ-नऊ टनांचा हिशेब मांडला, मग आमच्या गावचाही मांडू या. नागपूरजवळच्या, कोळशावर चालणाऱ्या कोराडी वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. त्यांतला एक संच पूर्ण क्षमतेने तासभर चालला, तर साडेपाचशे टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे आपल्या मुंबईच्या साठएक विमानफेऱ्यांइतका. औष्णिक वीज केंद्रे आज त्या व्यापार योजनेच्या बाहेर आहेत. राख आमच्या अंगणात पडते, आणि चर्चा मात्र विमानांची! जागतिक कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात विमान वाहतुकीचा वाटा सुमारे अडीच टक्के आहे. जेथे ढीग आहे तेथे आधी फावडे घालावे.

धंतोलीची लेक

माझा आक्षेप वेगळा आहे. वडिलांच्या उपचारांसाठी गेल्या वर्षी मला सहा वेळा मुंबईला जावे लागले. रेल्वेची रात्र त्यांना झेपत नव्हती आणि ऐनवेळी आरक्षण मिळत नव्हते. विमान ही आमची चैन नव्हती. परवान्यांचा खर्च कंपनी तिकिटावरच टाकणार, आणि युरोपाप्रमाणे रुळांचा चांगला पर्याय मात्र आम्हाला मिळणार नाही.

सोनेगावकर

ताई, आपला अनुभव वाचून आकडा पुन्हा तपासला. विमानात दीडशे प्रवासी धरले, तर माणशी साठ किलोच्या आत उत्सर्जन येते. युरोपातील टनामागे सुमारे ७० युरोचा भाव जसाच्या तसा लावला, तरी तिकिटामागे चारशे रुपयांच्या आसपास भार पडतो, आणि भारतातील भाव त्याहून बराच कमी राहील असे मला वाटते. तरीही आपला मुद्दा मला मान्य आहे. लिलावातून येणारा पैसा सरकारी तिजोरीत विरून न जाता नागपूर-मुंबई मार्गावरील जादा गाड्यांसाठी बांधून ठेवला पाहिजे. ती अट नसेल तर मीही या प्रस्तावाचा आग्रह धरणार नाही. ‘उडान’ योजनेतील लहान मार्गही आरंभी वगळावेत.

कोराडीबद्दल आपण म्हणता ते खरे आहे आणि वीज केंद्रेही योजनेत यायलाच हवीत. पण कोळशाला सौर व पवन ऊर्जेचे पर्याय उभे राहत आहेत. विमानाला तसा स्वस्त पर्याय आज नाही आणि प्रवासी तर वाढतच आहेत. आज किंमत लावली नाही, तर आजचा लहान वाटा उद्या लहान राहणार नाही.

हिशेबनीस

दोघांच्याही लक्षात न आलेली एक गोष्ट सांगतो. युरोपात एकूण टनांवर मर्यादा आहे. आपल्या योजनेत ती उत्पादनाच्या एककामागे आहे. म्हणजे कारखान्याने दर टन सिमेंटमागे उत्सर्जन घटवले की तो लक्ष्य गाठतो, मग सिमेंट दुप्पट झाले तरी चालते. हीच फूटपट्टी विमानांना लावली, तर दर प्रवासी-किलोमीटरमागे थोडी बचत दाखवणारी कंपनी विमानांची संख्या कितीही वाढवून वर पत विकायलाही मोकळी राहील. नवी विमाने तशीही कमी इंधन खातात, म्हणून हे बक्षीस तिला फुकटात मिळेल.

कोराडी रोड

हे असेच असेल, तर माझा विरोध अधिकच पक्का झाला. कोळशावर एकूण टनांची मर्यादा घाला, मग विमानांवरील मर्यादेला मी स्वतः पाठिंबा देईन.

सोनेगावकर

हिशेबनीसांचा मुद्दा माझ्या मूळ लेखनातील खरी उणीव दाखवतो. मी ‘त्या योजनेत घ्यावे’ असे लिहिले, ते मागे घेतो. देशांतर्गत उड्डाणांसाठी एकूण टनांची स्वतंत्र मर्यादा आणि पहिल्या दिवसापासून लिलाव, अशी माझी सुधारित मागणी आहे, आणि कोळशाच्या मर्यादेसाठी थांबून राहायला मी अजूनही तयार नाही.